चौथा उद्देश : नागझिऱ्याच्या मुलखातले दोन दुकाळ आणि आपली जकात

नागझिरा म्हटले की आज डोळ्यांपुढे वाघ, गवे, रानकुत्रे आणि जिप्सीतून फिरणारे पर्यटक येतात. व्यंकटेश माडगूळकरांनी या जंगलावर पुस्तक लिहिले, तेव्हापासून मराठी वाचकाला हे नाव ओळखीचे झाले. १९७० साली नागझिरा अभयारण्य जाहीर झाले. २०१३ मध्ये नवेगाव आणि आसपासची जंगले जोडून त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला. पिटेझरी, मंगेझरी, चोरखमारा ही गावे आता पर्यटकांना प्रवेशद्वारांची नावे म्हणून ठाऊक आहेत.

सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र या मुलखाची सरकार दरबारी ओळख वेगळी होती. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता. तो १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा निघाला. मध्य प्रांतातल्या जुन्या भंडारा जिल्ह्यात भंडारा, तिरोडा आणि साकोली अशा तीनच तहसिली होत्या. नागझिऱ्याचे जंगल तिरोडा आणि साकोलीच्या मधोमध पडते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुकाळांनी हा सगळा पट्टा खरवडून काढला. त्या दुकाळांत सरकारी मदतीच्या जोडीने एक मोठा धर्मादाय निधी उभा राहिला होता. त्याने काय केले, कोणाला दिले, कोणाला वगळले आणि पैसा कशावर खर्च केला, याचा हिशेब आज पुन्हा वाचण्यासारखा आहे. विशेषतः दरवर्षी जकात काढणाऱ्या आणि जकात घेणाऱ्या आपल्या समाजाने तो वाचावा, असे मला वाटते.

धान गेले की सगळे गेले

भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेले तलाव, गावोगावच्या बोड्या आणि त्यांच्या पाण्यावर चालणाऱ्या बांध्या, असा इथला संसार. मालगुजारांच्या ताब्यातले हे तलाव पुढे ‘माजी मालगुजारी’ म्हणजे ‘मामा तलाव’ झाले. पण तलावही आकाशावरच अवलंबून. धानाला रोवणीच्या वेळी पाणी लागते आणि लोंबी भरताना पुन्हा लागते. भादव्यात पावसाने पाठ फिरवली, तर उभे पीक डोळ्यांदेखत वाळते.

१८९६ साली नेमके हेच झाले. आधीची दोन-तीन वर्षे कधी अतिपावसाने, कधी तांबेऱ्याने, कधी ओढीने खराब गेलेली. घरात साठा नव्हता. त्यात पाऊस वेळेआधी थांबला आणि धान गेले. लोक जेमतेम सावरत होते तोच १८९९ चा पावसाळा कोरडा गेला. १९०० च्या जुलै महिन्यात मध्य प्रांतात २० लाखांहून अधिक माणसे सरकारी मदतीवर जगत होती. दर चार-पाच माणसांमागे एक, असे ते प्रमाण होते.

१९०१ ची जनगणना झाली तेव्हा भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या ६,६३,०६२ भरली. दहा वर्षांपूर्वीपेक्षा ती सुमारे ११ टक्क्यांनी कमी होती. ज्या काळात लोकसंख्या वाढायला हवी, त्या काळात दर नऊ माणसांमागे एक माणूस कमी झाला. काही उपासाने मेले, काही उपासाच्या मागोमाग आलेल्या पटकी, हगवण आणि तापाने मेले, काही मुलूख सोडून गेले आणि कित्येक मुले जन्मालाच आली नाहीत.

जंगलाने काहींना तगवले. दुकाळात सरकारने जंगले मोकळी केली. मोहफुले, चार, टेंभरं, कंदमुळे गोळा करायला आणि ढोरे चारायला बंदी राहिली नाही. एरवी ज्या रानात पाय ठेवायला परवाना लागत होता, ते रान उपासमारीत अचानक लोकांचे झाले. पण मोहावर आणि कंदांवर माणूस किती दिवस काढणार?

सरकारचे काम कुठे संपते

१८८० च्या पहिल्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती फॅमिन कोड तयार झाले होते. त्यांचे तत्त्व असे की माणसाला मरू न देणे ही सरकारची जबाबदारी आहे. धडधाकट माणसाने कामावर यावे, माती उचलावी, गिट्टी फोडावी आणि धान्याच्या भावानुसार ठरलेली मजुरी घ्यावी. म्हातारे, अपंग, मुले यांना घरपोच मदत किंवा शिजवलेले अन्न मिळावे. मजुरी मुद्दाम जेमतेम ठेवलेली असे, म्हणजे गरज नसलेला माणूस कामावर येणार नाही.

या व्यवस्थेने जीव वाचले, हे नाकारता येत नाही. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात मदत उशिरा आणि हात राखून दिली गेली, मृत्यू भयंकर झाले आणि त्यावर सडकून टीका झाली. १८९९-१९०० मध्ये सर अँड्र्यू फ्रेझर चीफ कमिशनर असताना मदत लवकर सुरू झाली. गावोगावी अन्नछत्रे उघडली आणि दुकाळ अधिक मोठा असूनही मृत्यूचे प्रमाण त्या मानाने कमी राहिले. वेळेवर दिलेली मदत आणि उशिरा दिलेली मदत यांतला फरक एकाच मुलखात तीन वर्षांच्या अंतराने दिसून आला.

पण सरकारी मदत माणसाला फक्त जिवंत ठेवत होती. पाऊस पडल्यावर तो गावी परतला, की त्याच्या गोठ्यात बैल नसे, कणगीत बियाणे नसे, अंगावर धड कपडा नसे. आईबाप मेलेली मुले रस्त्यावर असत. आणि काही घरांचे दरवाजे दुकाळभर बंदच राहत. त्या घरातले लोक ना कामावर येत, ना अन्नछत्रात. इथून पुढचे काम धर्मादाय निधीने करायचे, अशी वाटणी ठरली.

जानेवारी १८९७ मध्ये कलकत्त्यात ‘इंडियन फॅमिन चॅरिटेबल रिलीफ फंड’ उघडला गेला. कलकत्ता हायकोर्टाचे सरन्यायाधीश सर फ्रान्सिस मॅक्लीन मध्यवर्ती समितीचे अध्यक्ष होते. खाली प्रांतिक समित्या, त्यांच्याखाली जिल्हा आणि स्थानिक समित्या. लंडनच्या लॉर्ड मेयरने वेगळा निधी गोळा करून पाठवला. पहिल्या दुकाळात एकूण सुमारे १ कोटी ७० लाख रुपये जमले. फेब्रुवारी १९०० मध्ये कर्झनच्या काळात निधी पुन्हा उघडला, तेव्हा सुमारे दीड कोटी जमले. त्या वेळी इंग्लंडचे लक्ष आणि पैसा बोअर युद्धाकडे वळलेला होता. त्याच वर्षी जयपूरचे महाराजा सवाई माधोसिंह यांनी १५ लाख रुपये देऊन कायमस्वरूपी दुष्काळ ट्रस्टचा पाया घातला, म्हणजे पुढच्या दुकाळात शून्यापासून वर्गणी मागायची वेळ येऊ नये.

चार खाने

निधीने आपला खर्च चार उद्देशांत बांधून घेतला होता. पहिला, सरकारी मदतीवर असलेल्यांना थोडे अधिक देणे : कपडा, घोंगडी, आजाऱ्याला दूध, लेकुरवाळीला जरा बरे अन्न. दुसरा, अनाथ मुलांचा सांभाळ. तिसरा, अब्रूदार पण गरीब लोक, जे काहीही सोसतील पण सरकारी चौकशीला सामोरे जाऊन मदत मागणार नाहीत. चौथा, दुकाळात सर्वस्व गमावलेल्यांना पुन्हा पायावर उभे करणे.

तिसऱ्या उद्देशात पडदानशीन बायका प्रामुख्याने होत्या. त्यात मुस्लिम घरे होती, तशीच वरच्या जातींतली हिंदू घरेही होती. विधवा, म्हातारे शिक्षक, घराणे मोठे पण घरात दाणा नाही असे लोक. यांना मदत गुपचूप, घरच्या घरी आणि शेजारच्याला कळू न देता पोहोचवायची असे. त्यासाठी मोहल्ल्यातलाच विश्वासू माणूस लागे. इंग्रज अधिकाऱ्याला हे काम जमणारे नव्हते, म्हणून स्थानिक समित्यांवर गावातली माणसे घ्यावी लागली. जो मागत नाही त्याला शोधून द्यायचे, हे तत्त्व कुरआन जाणणाऱ्या माणसाला नवीन नाही. सूरह बकरामध्ये अशाच लोकांचा उल्लेख आहे, ज्यांच्या न मागण्यामुळे अजाण माणूस त्यांना सुखवस्तू समजतो.

दुसरा उद्देश सर्वांत वादाचा ठरला. अनाथ मुले कोणाच्या हवाली करायची? मिशनऱ्यांनी हजारो मुले घेतली. पंडिता रमाबाई १८९७ मध्ये मध्य प्रांतात येऊन शेकडो मुली आपल्या संस्थेत घेऊन गेल्या. मुले ख्रिस्ती होतात म्हणून लाला लजपतराय यांनी पंजाबातून हिंदू अनाथ रक्षणाची चळवळ उभी केली आणि मध्य प्रांतातून मुले नेली. यात मुलांचे जीव वाचले, हे खरे. पण त्यांच्या मायभूमीपासून, बोलीपासून, उरल्यासुरल्या नातेवाइकांपासून ती तुटली, हेही खरे. मदत देणारा मदतीबरोबर काय घेऊन जातो, हा प्रश्न तेव्हापासून या देशात चर्चेत आहे.

आणि चौथा उद्देश. निधीचा सर्वांत मोठा वाटा याच खान्यात खर्च झाला. पाऊस सुरू होण्याच्या सुमारास शेतकऱ्याला बैल घ्यायला पैसे, बियाणे, पीक हाती येईपर्यंत खावटी. कारागिराला त्याच्या धंद्याचे साहित्य. विणकरांना गिट्टी फोडायला बसवले, तर त्यांचे हात कायमचे बिघडतात आणि माग बंद पडतो. म्हणून त्यांना सूत देऊन कापड विणून घ्यावे, हा विचार त्या काळात पुढे आला. भंडाऱ्याचे कोष्टी असोत की कामठी-बुऱ्हाणपूरचे मोमीन, धंदा एकच आणि संकटही एकच.

हे पैसे परतफेडीचे नव्हते. परतफेडीसाठी सरकारी तगाई होतीच. १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी ती मिळत असे. तगाई मिळवायला तारण लागे, आणि दुकाळाने भुईसपाट झालेल्या माणसाकडे तारण कुठले? त्याच्यासाठी ही देणगी होती.

यादी कोणी केली?

निधीची ही बाजू उजळ असली तरी कोणाला द्यायचे, ही यादी गावात पटवारी आणि मालगुजार यांच्या माहितीवर बने. ज्या मालगुजाराकडे कुळाची बाकी थकलेली, त्याच्याच शब्दावर कुळाची गरज ठरे. हा धोका त्या रचनेतच होता.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. चौथ्या उद्देशाची व्याख्या ‘सर्वस्व गमावलेला’ अशी होती. म्हणजे आधी काहीतरी असायला हवे. ज्याची दोन एकर बांधी होती आणि बैल मेले, तो या खान्यात बसला. ज्याचे आयुष्य दुसऱ्याच्या बांधीवर रोवणी करण्यात गेले, ज्याच्याकडे गमवायला बैलच नव्हता, तो कुठे बसणार? दुकाळात सर्वाधिक मरण याच भूमिहीनांच्या घरी आले. त्यांच्या वाट्याला पहिल्या खान्यातली घोंगडी आली. ते जिवंत राहिले तर पुन्हा मजूर म्हणूनच राहिले.

जंगलातल्या गोंडांचे आणखी वेगळे. त्यांना घरापासून दूर मोठ्या कामावर जाऊन, अनोळखी गर्दीत राहून, अनोळखी हातचे खाणे मान्य नव्हते. पाटी घेऊन रांगेत उभे राहण्यापेक्षा ते रानात कंद खणत राहिले आणि अनेकदा फार उशिरा सापडले. १८९८ मध्ये सर जेम्स लायल यांच्या अध्यक्षतेखालच्या दुष्काळ आयोगाने अहवाल दिला. नागपूरचे बिपिन कृष्ण बोस त्या आयोगावर होते. जंगली मुलखातल्या लोकांसाठी वेगळी पद्धत हवी, त्यांना घराजवळ, गवत कापण्यासारखी आणि वनोपज गोळा करण्यासारखी ओळखीची कामे द्यावीत, असे आयोगाने म्हटले. मागायला येणाऱ्यांसाठी बनवलेली मदत न मागणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही, हे उमगायला एक दुकाळ खर्ची पडला.

तिसरी गोष्ट दात्यांच्या औदार्याच्या पलीकडची. रमेशचंद्र दत्त यांनी १९०० साली कर्झनला जी खुली पत्रे लिहिली, त्यातले पहिलेच पत्र मध्य प्रांताच्या शेतसाऱ्याविषयी होते. १८९० च्या दशकात नव्या बंदोबस्तात सारा वाढवला गेला आणि त्याच दशकात हे दुकाळ पडले. एका हाताने घेतलेले दुसऱ्या हाताने दान म्हणून परत येत असेल, तर त्या दानाचे कौतुक किती करायचे? दादाभाई नौरोजीही हेच वर्षानुवर्षे सांगत होते.

शेवटी या मुलखात टिकून राहिली ती पाण्याची कामे. दुकाळांनंतर १९०१-०३ च्या सिंचन आयोगाने धानाच्या पट्ट्यात साठवण तलावांवर भर दिला. नागझिऱ्याच्या उत्तरेला तिरोडा तालुक्यात बोदलकसा तलाव १९१७ साली आणि चोरखमारा तलाव १९२३ साली पुरा झाला. आज पर्यटक तिथे हिवाळ्यात पाहुणे पक्षी पाहायला थांबतात. पण हे तलाव धानाची शेवटची पाळी चुकू नये म्हणून बांधले गेले होते.

आपल्या किताबांत काय आहे

आता जकातीकडे वळू. सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत : फकीर, मिस्कीन, जकात गोळा करणारे, ज्यांची मने जोडायची आहेत ते, गुलामीतून सुटू पाहणारे, कर्जात बुडालेले, अल्लाहच्या मार्गातले आणि वाटसरू. निधीच्या चार खान्यांसारखीच ही आठ खान्यांची वाटणी आहे. त्यात कर्जबाजाऱ्याला स्वतंत्र जागा आहे, ही गोष्ट विदर्भातल्या शेतकऱ्याला वेगळी समजावून सांगायला नको.

प्रश्न असतो तो ‘किती द्यावे?’ हा. तेराव्या शतकातले शाफई फकीह इमाम नववी यांनी याचे सविस्तर उत्तर दिले आहे. ज्याच्या हाताला कसब आहे त्याला त्याच्या धंद्याची अवजारे घेता येतील इतके द्यावे, मग त्याची किंमत थोडी असो वा जास्त. व्यापाऱ्याला त्याचा धंदा चालेल इतके भांडवल द्यावे. म्हणजे तो पुढच्या वर्षी पुन्हा घ्यायला येणार नाही. निधीच्या चौथ्या उद्देशाची ही सहा शतके जुनी आवृत्ती आहे.

हनफी मत, जे आपल्याकडे बहुतेक लोक पाळतात, इथे थोडे हात आखडते. एकाच माणसाला निसाब इतकी किंवा त्याहून अधिक रक्कम देणे हनफी फुकहांनी मकरूह मानले आहे. पण तो कर्जदार असेल किंवा त्याच्यामागे मोठे कुटुंब असेल, तर तीही अडचण राहत नाही. चांदीच्या निसाबाची आजची किंमत पाहिली, तरी त्या मर्यादेत शिलाई मशीन बसते, भाजीचा ठेला बसतो, शेळ्यांची जोडी बसते.

आणि जकात बहुतांश फुकहांनी मुस्लिमांपुरती ठेवली असली तरी सदका आणि खैरात सर्वांसाठी खुली आहे. हजरत उमर यांनी एका भीक मागणाऱ्या म्हाताऱ्या यहुद्याला बैतुलमालातून नेमणूक करून दिल्याची नोंद इमाम अबू यूसुफ यांच्या ‘किताबुल खराज’मध्ये आहे. अबू यूसुफ हे खुद्द इमाम अबू हनिफांचे शागीर्द. त्यामुळे नागझिऱ्याच्या कडेच्या गोंड, ढिवर किंवा गोवारी घरापर्यंत आपली मदत जाऊ नये, असे म्हणायला दीनाचा आधार शोधून सापडणार नाही.

आजचा हिशेब

आज आपण जकात कशी वाटतो? रमजानच्या शेवटच्या अशऱ्यात रेशनच्या पिशव्या भरल्या जातात. पाच किलो पीठ, साखर, तेल, शेवया. बायका रांगेत उभ्या राहतात, फोटो निघतात, आणि रात्रीपर्यंत ते फोटो व्हॉट्सअपवर फिरतात. सुटे शंभर-दोनशे रुपये दारावर येणाऱ्यांना दिले जातात. ईद होते आणि पुढच्या रमजानला त्याच बायका त्याच रांगेत असतात. हे दान वाया गेले असे मी म्हणणार नाही. ईदच्या दिवशी कोणाच्या घरी चूल पेटली, हीही मोठी गोष्ट आहे आणि सदका-ए-फित्र त्यासाठीच आहे. पण हा पहिला खाना झाला. आपण सगळी रक्कम पहिल्याच खान्यात घालतो.

तिसऱ्या खान्याचे तर आपण उलटेच करतो. ज्याची अब्रू राखायची त्याचाच फोटो काढतो. कागदपत्रे मागायला हरकत नाही. मदत करणाऱ्या संस्थेला हिशेब द्यावा लागतो. पण कागद आणि कॅमेरा यांत फरक आहे. १८९७ साली परकी सरकारच्या सावलीत चालणाऱ्या निधीलाही हे कळले होते की काही दारांवर रात्री जावे लागते.

गोंदिया-भंडारा भागात मुस्लिम वस्ती थोडी. एकेका गावाची जकात एकट्याने काही उभे करण्याइतकी नसते. म्हणून ती तालुक्यावर किंवा जिल्ह्यावर एकत्र करावी लागेल. त्यातला एक हिस्सा चुलीसाठी, एक औषधपाण्यासाठी आणि मोठा हिस्सा चौथ्या उद्देशासाठी बाजूला ठेवता येईल. वर्षाला पन्नास घरांना पिशव्या देण्याऐवजी पाच घरे रांगेतून कायमची बाहेर काढता येतील का, हा प्रश्न प्रत्येक जमातीने आपल्या बैठकीत मांडावा. यादी करताना मोहल्ल्यातल्या बायकांना समितीत घ्यावे, कारण कोणाच्या घरी दोन दिवस तवा चढला नाही हे त्यांनाच आधी कळते. सावकाराचा, दुकानदाराचा किंवा मालकाचा शब्द त्या यादीवर शेवटचा नसावा. आणि ज्याच्याकडे गमवायलाही काही नव्हते, त्या मजुराचे नाव यादीत सर्वांत वर असावे. जुन्या निधीने नेमके तेच नाव सोडले होते.

घेणाऱ्यालाही एक सांगावेसे वाटते. जकात हा देणाऱ्याचा उपकार नाही. ती त्याच्या मालातला तुमचा हक्क आहे. हक्क मागताना मान खाली घालायची नसते. पिशवी मिळाली तर घ्या. पण माझ्या मुलाला वेल्डिंगचे मशीन हवे आहे, माझ्या सावकाराचे इतके देणे आहे, असे सांगायलाही संकोच करू नका. समितीला ते ऐकून घ्यावेच लागेल.